पप्पांच्या यरुशलेमातला समुद्र

ताडपत्री उचलली तेव्हा आधी वास आला. गंजलेल्या पत्र्याचा, वाळलेल्या डिंकाचा, आणि त्यातच कुठेतरी अगदी पुसट असा आईच्या जुन्या ओढणीचा. मग यरुशलेम दिसलं. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात, चर्च कंपाउंडमधल्या स्टोअररूममध्ये, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेला एसी यांच्या मध्ये ते पवित्र नगर मुकाट्याने धूळ खात पडलं होतं.

ते पप्पांनी केलं होतं. पप्पा तिथून जवळच एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये कामाला होते. दारं, ग्रिल, जिन्याचे कठडे असली कामं. उरलेल्या पत्र्यातून त्यांनी बाजेएवढा एक ट्रे जोडला, त्यात वाळू भरली, आणि त्या वाळूत आम्हा शब्बाथशाळेच्या पोरांसाठी यरुशलेम वसवलं. साइटवर फुटलेल्या टाइल्सचा तट, थर्माकोलचं मंदिर, तांब्याच्या तारेला भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे बांधून केलेली जैतुनाची झाडं. नगराच्या वेशी मात्र खऱ्या, बिजागरीवर उघडणाऱ्या. गावाकडेही वेस आणि शास्त्रातही वेस, म्हणून पप्पांना त्या शब्दाचंच अप्रूप होतं. पूर्वेला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर वाळू थापून जैतुनांचा डोंगर केला होता. आणि डोंगराच्या पलीकडे, ट्रेच्या मागच्या उंच पत्र्यापर्यंत चढत गेलेला, निळाशार समुद्र.

हा समुद्र म्हणजे आईची ओढणी. मीना बाजारातून हौसेने आणलेली मोरपंखी ओढणी. एका गुरुवारी ती कपाटातून गायब झाली आणि दुसऱ्या दिवशी मंडळीपुढे समुद्र होऊन पसरली. वर पत्र्याची एक नाव, दुबईच्या खाडीवरच्या अब्र्यासारखी, चपट्या बुडाची. आई भर उपासनेत काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली ती बोललीच.

"पीठ चाळायची चाळणी नेली, मी गप्प बसले. फॉइलचा अख्खा रोल नेला, गप्प बसले. आता माझी ओढणी! उद्या मलाच नेऊन बसवा त्या ट्रेमध्ये, मिठाचा खांब झालेली लोटाची बायको म्हणून."

पप्पा नुसते हसले. "अगं, यरुशलेमात तुझी ओढणी आहे. अजून काय पाहिजे माणसाला?"

आमचा रविवार तेव्हा शुक्रवारी यायचा. त्या काळी इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासना शुक्रवारी, शब्बाथशाळा शुक्रवारी, आणि झावळ्यांचा रविवारसुद्धा शुक्रवारीच. पाळकसाहेब गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आज झावळ्यांचा रविवार आहे," आणि कुणालाही हसू यायचं नाही. गावाकडे म्हणे त्या दिवशी शिंदीचे फाटे आणत. इथे रस्त्याकडेच्या खजुरांची छाटणी झाली की पप्पा झावळ्या मागून आणायचे. त्यांच्या देठाला हे एवढाले काटे. होसान्ना म्हणत फिरताना कुणाचं ना कुणाचं बोट फुटायचंच, आणि मग प्लास्टरची पट्टी लावून स्वारी पुन्हा मिरवणुकीत सामील.

हॉल आम्हाला दुपारी मिळायचा. आमच्या आधी मल्याळी मंडळी, आमच्यानंतर फिलिपिनो. आम्ही आत शिरायचो तेव्हा खुर्च्या अजून गरम असत आणि हवेत खोबरेल तेल रेंगाळत असे. मग कंपनीच्या बसमधून लेबर कॅम्पवरची माणसं उतरायची. नगर, जालना, संगमनेरकडची. इस्त्रीच्या शर्टाला पावडरीचा वास, हातात शास्त्राचं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक. "सलाम, भाऊ." "सलाम, सलाम." बाहेरच्या अरब वॉचमनला वाटायचं आम्ही त्याच्याच भाषेत बोलतोय, तोही मान लववून सलाम म्हणायचा. पेटीचा भाता थोडा फाटका होता, ढोलकी मात्र कडक. आठवडाभर लोखंड उचललेले ते हात ढोलकीवर इतके अलगद पडायचे, की मला लहानपणीही त्याचं नवल वाटायचं. उपासनेनंतर समोसे आणि कडक चहा. पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरेल एवढं मराठी बोलून बस निघून जायची.

आणि यरुशलेम दाखवायची पप्पांची एक रीत होती. उभ्याने बघायचं नाही.

"खाली बसा. गुडघ्यावर. यरुशलेम वरून बघायला तुम्ही काय हेलिकॉप्टरमधून आलात का?"

"अंकल, बट व्हाय?" आम्हा पोरांपैकी कुणीतरी इंग्रजीतच विचारायचं.

"तिथे पायी जायचं असतं. खालून वर चढत. म्हणून."

मग आम्ही गुडघे टेकून, हनुवटी ट्रेच्या काठाला लावून त्या नगराकडे बघायचो. गार पत्रा हनुवटीला लागायचा. पप्पा एकेक वेस उघडून दाखवायचे. इथून मेंढरं आत नेत. ही सोनेरी वेस, इथून प्रभू शिंगरावर बसून आला. हा किद्रोन ओहोळ, म्हणजे आईच्या फॉइलची चकाकती पट्टी. त्यांनी यरुशलेम कधी पाहिलं नव्हतं. त्या काळात इथून तिकडे जायची सरळ वाटच नव्हती. "होईल कधीतरी वाट. इन्शाल्ला," ते म्हणायचे. वाट झाली, विमानं सुरू झाली, तेव्हा पप्पा नव्हते.

यंदा आईचं नगरला कायमचं परत जायचं ठरलं आणि नेमका तेव्हाच मंडळीचे सेक्रेटरी साळवेकाका यांचा फोन आला.

"वहिनी, स्टोअर खाली करायचंय. वरून मेसेज आलाय. या महिन्यात खलास. त्या ट्रेचं काय करायचं ते तुम्ही डिसाइड करा. तुम्ही ठेवा म्हटलं तर मी हॉलमध्ये जागा करतो, भांडून करतो."

म्हणून तर आम्ही दोघी त्या दिवशी ताडपत्री उचलत होतो. आई पदराने मंदिरावरची धूळ झटकत होती. साळवेकाकांची नात रिया आमच्या मागे उभी राहून, उभ्यानेच, सगळं बघत होती. वय वर्षं आठ, बोलणं एखाद्या वकिलासारखं.

"व्हॉट्स दॅट ब्लू थिंग?"

"समुद्र आहे तो," आई म्हणाली.

रियाने आजोबांचा फोन मागून घेतला, काहीतरी टाइप केलं आणि पडदा आईसमोर धरला. "आजी, आय चेक्ड. देअर इज नो सी इन जेरुसलेम."

साळवेकाका ओरडले तिला. मी हसले. आई हसली नाही. मला ठाऊक होतं की पोरगी बरोबर बोलते आहे. मी शाळेत नकाशा पाहिला तेव्हाच मला ते कळलं होतं. आखातात राहणारा माणूस गाव वसवायला बसला की पाणी आधी ठेवतो, दुबईला खाडी, अबू धाबीला समुद्र, मग यरुशलेमाला का नको, अशी ती चूक. मला ती चूक फार आवडायची आणि म्हणून मी ती कधी बोलून दाखवली नव्हती. पण आईला वाटत होतं की आपल्या नवऱ्याने वर्षानुवर्षं लेकरांना जे दाखवलं ते शास्त्राला धरूनच होतं.

घरी, दुबईतल्या अल बर्शाला, परतताना ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. शेख झायद रोडवर मेट्रो आमच्या बाजूने पुढे गेली, तेव्हा कुठे बोलली.

"मला तिथे घेऊन चल."

"कुठे?"

"यरुशलेमला. नगरला जायच्या आधी. मी डोळ्यांनी बघते. ह्यांचं बरोबर असेल तर हॉलमध्ये राहील. चुकलेलं असेल तर मीच मोडीन ते माझ्या हाताने. लेकरांना देवाचं चुकीचं शिकवायचं नाही. ते स्वतःच असं म्हणाले असते."

आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पप्पांचं घरात फारसं काही उरलं नव्हतं. घड्याळ, चष्मा, वेल्डिंगचे हातमोजे. त्यांच्या हातचं असं ते एवढं एकच. ते मोडायची वेळ आली तर आई मोडेल आणि नंतर आयुष्यभर त्याबद्दल बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी तिकिटं काढली.

यरुशलेमला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सगळं गाव एकाच दगडाचं, साईच्या रंगाचं, आणि उन्हं कलली की त्या दगडाला आतून ऊब आल्यासारखी वाटते. गल्ल्यांतल्या फरशा माणसांच्या पायांनी इतक्या गुळगुळीत झालेल्या, की आई माझा दंड धरून जपून चालत होती. तिळाच्या लांबोळक्या पावांची हातगाडी, त्याच्याबरोबर कागदाच्या पुडीत झातरचा कोरडा मसाला. मसाल्यांचे ढीग, कातडी चपलांचा वास. अजान सुरू झाली तशी कुठल्यातरी चर्चची घंटाही सुरू झाली, आणि दोन्ही आवाज एकमेकांच्या अंगावरून गेले तरी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. "मुसफ्फासारखंच आहे की," आई म्हणाली. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून मशीद आहे, तिथेही असंच होतं.

पवित्र कबरेच्या चर्चमध्ये शिरताच एक लांब गुलाबी शिळा आहे. प्रभूच्या देहाला सुगंधी द्रव्यं लावली ती जागा, असं मानतात. बायका गुडघे टेकून त्या शिळेवर गुलाबाचं तेल ओतत होत्या, रुमालाने पुसून तो रुमाल छातीशी धरत होत्या. आमची मंडळी असल्या गोष्टींपासून चार हात लांब राहणारी. आई पर्स सांभाळत बाजूला उभी राहिली. "आपल्यात नाही हं असं," तिने मला बजावलं, जणू मीच निघाले होते. मग गर्दी जराशी हटली आणि मी पाहते तर ती वाकलेली, तळहात शिळेवर ठेवलेला, डोळे मिटलेले. त्या दिवशी तिने जेवायला चमचा मागितला. हात धुवायचा नव्हता तिला.

पण ती विसरली नव्हती. बेथेस्दाच्या कुंडावर, शिलोहाच्या तळ्यावर, जिथे जाऊ तिथे ती मनातल्या मनात तो ट्रे पुढे ठेवून बघायची. मोडायला निघालेली ही बाई मोठी विनोदी न्यायाधीश होती. किद्रोनच्या खोऱ्यात आम्ही वाकून पाहिलं तर ओहोळ ठणठणीत कोरडा. आईने क्षणभर विचार केला. "पावसाळ्यात असेल पाणी. ह्यांनी पावसाळ्यातला केला असेल." सोनेरी वेस तर दगडांनी पार बुजवलेली, आणि पप्पांची मात्र बिजागरीवर फिरणारी. "प्रभू आला त्या दिवशी उघडीच होती ना? मग?" गेथशेमानेच्या बागेत जैतुनाची झाडं म्हातारी, पोट फुटलेली, वेडीवाकडी, आणि तरी शेंड्याला कोवळी पानं. ती बघून मात्र आई नुसती उभी राहिली. "घासणीचीच वाटतात गं अगदी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही राहवलं नाही. एवढ्या मोठ्या पवित्र जागी आम्ही दोघी भांडी घासायच्या घासणीसाठी रडत होतो.

समुद्राची मात्र काही वकिली चालणार नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं.

जैतुनांच्या डोंगरावर आम्हाला अबू खलील नावाच्या टॅक्सीवाल्याने नेलं. पांढऱ्या मिशांचा, आरशाला मण्यांची माळ टांगलेला, बोलघेवडा माणूस. वर कठड्यापाशी उभं राहिलं की सगळं नगर समोर मांडलेलं दिसतं. तट, घुमट, मिनार, कबरींची उतरण. थेट पप्पांचा ट्रे. फक्त इथे तो श्वास घेत होता. आईने खूप वेळ पाहिलं, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. मग वळून तिने इतक्या वर्षांत मुसफ्फाच्या किराणा दुकानांत आणि बसस्टॉपवर कमावलेल्या अरबीतून विचारलं,

"हबीबी, बहर वेन?"

समुद्र कुठे आहे? मला तोंड कुठे लपवावं कळेना. अबू खलील मात्र हसला नाही. गावाला समुद्र असणं ही त्याला अगदी साधी गोष्ट वाटली असावी. त्याने अंगठा खांद्यावरून मागे, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला दाखवला. "बहर? हिनाक. तआली, तआली." तिकडे आहे, चला.

त्याने आम्हाला डोंगराच्या पूर्वेकडच्या कडेला नेलं. समोर फक्त मातकट धुरळा होता. टेकड्यामागून टेकड्या, आणि मग काहीच नाही. त्याने हात हलवला. "गुबार. अल-यौम गुबार." आज धूळ आहे. "बुकरा, इन्शाल्ला."

"उद्या म्हणतोय तो," मी म्हटलं.

"कळलं मला," आई म्हणाली. "इन्शाल्ला म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये." खरंच होतं ते. आखातातल्या ऑफिसांमध्ये अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला तो शब्द आशेचाही वाटतो आणि निरोपाचाही. हॉटेलवर परतल्यावर ती लवकर झोपली. मी खिडकीत बसून त्या ट्रेचा विचार करत राहिले. तो कुठून फोडायला घ्यावा लागेल, आधी तट की आधी मंदिर, असले भलते विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. स्वच्छ, बोचरा, डोंगरावरचा वारा. अबू खलीलने आम्हाला बघताच "यल्ला, यल्ला" करत गाडीत बसवलं, आमच्याइतकीच त्यालाही घाई झालेली. वर पोहोचलो. त्याच कडेला उभे राहिलो. टेकड्या आज धुऊन काढल्यासारख्या, उतरत उतरत खोल गेलेल्या. आणि पार शेवटी, जिथे दुसऱ्या देशाचे जांभळट डोंगर सुरू होतात त्यांच्या पायथ्याशी, एक निळी चीर. बोटभर. कुणी ओढणीचं टोक विसरून गेलं असावं तशी.

"बहर अल-मय्यित," अबू खलील म्हणाला, जणू त्यानेच तो रात्रीतून आणून ठेवला होता.

माझ्यातली नकाशे पाहिलेली मुलगी गप्प बसेना. "आई, हा क्षारसमुद्र आहे. मृत समुद्र. शिष्यांची मासे धरायची नाव होती तो गालीलचा समुद्र, तो खूप लांब आहे, उत्तरेला."

आई त्या निळ्या चिरेवरून नजर न हलवता म्हणाली, "ह्यांनी कधी सांगितलं होतं का, कुठला समुद्र ते?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. वेशींची नावं सांगायचे, ओहोळाचं सांगायचे. समुद्राला ते नुसतं "हा समुद्र" म्हणायचे. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मी पप्पा असतानाही क्वचितच पाहिलं होतं. ती नवऱ्यावर खूश होती.

परतल्यानंतरच्या रविवारी, आता इथे सुट्टीही रविवारची आणि उपासनाही रविवारची, साळवेकाकांनी आणि कॅम्पवरच्या दोघातिघांनी ट्रे उचलून हॉलमध्ये आणला आणि टेबलावर ठेवायला गेले.

"टेबलावर नको," आई म्हणाली. "खाली."

शब्बाथशाळेची पोरं भोवती गोळा झाली. रिया सर्वांत पुढे, हाताची घडी घालून. "आजी, डिड यू फाइंड द सी?"

"गुडघ्यावर बस. मग सांगते."

"व्हाय?"

"तू काय हेलिकॉप्टरमधून आलीस का?"

पोरं खिदळली आणि एकेक करून गुडघ्यावर बसली. रियाही बसली. मीही बसले, इतक्या वर्षांनी. हनुवटीला तोच गार पत्रा लागला. नगराच्या अंगाने, तटावरून, मंदिरावरून नजर वर गेली, घासणीच्या झाडांतून जैतुनांच्या डोंगरापर्यंत. उभ्याने अर्धा ट्रे व्यापणारा तो मोरपंखी समुद्र आता डोंगराआड गेला होता. माथ्याच्या वर फक्त एक निळी रेघ उरली होती. बोटभर. आम्ही त्या डोंगरावरून पाहिली होती तेवढीच.

हे पप्पांना माहीत होतं, की गोण्यांची उंची सहजच तेवढी भरली, ते आता कुणाला विचारायचं? मी आईकडे पाहिलं. तिने विचारलंसुद्धा नाही.

"ओह," रिया पुटपुटली. "इट्स देअर. टायनी."

"एवढाच दिसतो," आई म्हणाली. "पण दिसतो. मी बघून आले."

मग गुडघे दुखत असतानाही ती साळवेकाकांचा हात धरून खाली वाकली. तिने ओढणीवरून पत्र्याची नाव उचलली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली, आणि पर्समध्ये ठेवली.

"त्या समुद्रात मासे नाहीत. ही नाव चुकलीच त्यांची," ती मला म्हणाली. "चुकलेलं तेवढं मी नगरला घेऊन जाते."